मधे मोकळी ठेवलेली गोधडी

त्या दिवशी आमच्या ओटीवर कोन कोन होतं ते आधी सांगते, म्हनजे कोनाचं नाव राहिलं असं नको. मी, द्वारका. माझी सून वैशाली, जी आता हे लिहून घेते आहे. वटारची फिलोमिना, माझी शिवनातली मैत्रीन, हातात सुकेळ्यांचं, म्हनजे सुकवलेल्या केळ्यांचं पुडकं घेऊन आलेली. नालासोपाऱ्याची आर्या, नुकतीच दहावी झालेली, जन्मापासून डोळ्यांनी दिसत नाय. तिचे बाबा, रिक्षा चालवतात, मूळचे कोकनातले. आनि जमिनीवर अंथरलेली ती गोधडी, जिच्यावरून सगळं झालं. एक कोंबडी पन होती, ती गोधडीवर चढायला बघत होती म्हनून वैशालीनं हाकलली. देसाई मॅडम तेवढ्या नव्हत्या. त्या असत्या तर घोळ आधीच कळला असता, आनि मग सांगायला एवढी मजा पन आली नसती.

आमच्या मंडळाची पोरं म्हनाली, "आजी, दिवाळी अंकात तुमच्या कामाचं सांगा." मी म्हटलं, दुसरी शिकलेल्या बाईचं कसलं छापता? तर म्हनाली, तुम्ही बोला, वहिनी लिहितील. वैशाली पहिल्याच ओळीला माझं 'पानी' खोडून 'पाणी' करायला लागली. मी सांगितलं, मी म्हनते तसं राहू दे गो, कामं मी केलीत. हसली आनि लिहायला लागली.

गोधडी काय असते ते गावातल्यांना सांगायला नको, पन आता बिल्डिंगीतले लोक पन अंक वाचतात. खाली एक जुनं लुगडं अंथरायचं. त्यावर जुन्या कापडांचे थर टाकायचे. सगळ्यात वर चिंध्यांचे चौकोन, रंग बघून लावलेले. मग कडेपासून धावदोरा घालायला घ्यायचा आनि फिरत फिरत मधे यायचं. घाई केली की कापड गोळा होतं. दोरा ओढून घेतला की गोधडी आक्रसते. हात सैल ठेवायचा, एवढंच शिकायचं असतं, आनि तेवढं शिकायला मला खूप वर्षं लागली.

गिऱ्हाईकं एकेक तऱ्हेची. एक बाई सासूच्या साड्या घेऊन आली, म्हनाली, "ह्या पायाकडं लावा, आनि आईच्या डोक्याकडं." मी तसं शिवलं. वर्षभरानं परत आली. "मावशी, झोपेत गोधडी फिरते आनि सासू तोंडावर येते, काहीतरी करा." मी म्हटलं, त्याला माझ्याकडं टाका नाय. एक म्हातारे बायकोच्या साड्या घेऊन आले, पन कापायच्या नाय म्हनाले. न कापता गोधडी कशी करू? शेवटी साड्या घडीच्या घडी आत थर म्हनून घातल्या, वर दुसरं कापड. बाहेरून कोनाला कळत नाय. त्यांना कळतं. एका फ्लॅटवालीनं तर वॉशिंग मशीनला गोधडी शिवून घेतली. मी विचारलं, ह्याला थंडी वाजते काय? पन शिवली. मस्त बसली.

ह्याच्या आधी मी मिठागरावर होते. भरतीचं पानी बांधाचं दार उघडून आत घ्यायचं, मोठ्या खान्यातून लहान खान्यात सोडत न्यायचं. ऊन लागेल तसं पानी जड होत जातं, शेवटच्या खान्यात मीठ धरतं. ते ओढायचं, टोपलीत भरायचं, डोक्यावरून ढिगाकडं न्यायचं. खारं पानी मानेवरून पाठीत गळायचं. पायाच्या भेगांत मीठ शिरायचं. रडून काय उपयोग, डोळ्यातलं पन खारंच. नवरा गेला तेव्हा पोरगा कडेवर होता. त्याला सासूच्या मांडीवर ठेवून मी परत टोपली उचलली. पुढं मिठागर बंद झालं, आता तिथं गोदामं आहेत. सासूनं सुई हातात दिली, म्हनाली, "हिला ऊन लागत नाय, सावलीत बसून कर." तिचे दोन नियम होते. गोधडीला भोक ठेवायचं नाय, भोकाची गोधडी घरात थंडी आनते. आनि शेवटचा कोपरा बंद करताना आत चिमूटभर तांदूळ टाकायचे. गोधडी उपाशी नको, उपाशी गोधडी ऊब देत नाय म्हनायची. दोन्ही नियम मी आजवर पाळले. त्यातला एक ह्या गोधडीनं मोडायला लावला.

तर देसाई मॅडम. ह्या कॉलेजात रसायन शिकवतात. त्यांच्या आईची गोधडी मी दुरुस्त केली होती, तेव्हापासून ओळख. एक दिवस आर्याला आनि तिच्या बाबांना घेऊन आल्या.

"आजी, एक गोधडी हवी आहे. पांघरायची नाही, वाचायची."

"मला कागद अडखळत वाचता येतो, गोधडी कुठनं वाचू?"

"तुम्ही नाही. ही वाचेल."

आर्याला अकरावीला सायन्स घ्यायचं होतं. कॉलेजातले सर म्हनत होते, सगळं रसायन त्या भिंतीवरच्या तक्त्यावर चालतं, हिला तक्ता दिसनार नाय, ही मागं पडेल, हिला आर्ट्सला घाला. वाईट मनानं नाय म्हनत होते, काळजीनंच म्हनत होते. मॅडम त्यांच्याशी भांडल्या. शेवटी असं ठरलं की आर्यानं कोनाच्या मदतीशिवाय तक्त्यात फिरून दाखवायचं. दाखवलं तर सायन्स. नाय तर आर्ट्स.

मी पोरीला विचारलं, "तुला आर्ट्स का नको?"

ती म्हनाली, "आजी, मला पेट्रोलचा वास ओळखता येतो, फिनेलचा येतो, भिजलेल्या लोखंडाचा येतो. पण आत काय आहे ते कळत नाही. मला आतलं हवंय."

बाबा खाली बघत होते. मी म्हटलं, बसा, च्या टाकते.

मॅडमनी भिंतीवरचं कॅलेंडर काढलं आनि मागच्या कोऱ्या बाजूला चौकोन मारत गेल्या. म्हनाल्या, जगात जे जे आहे, तुमची सुई, तुमचं मीठ, ही हवा, आपण सगळे, ते मिळून एकशे अठरा मूळ वस्तूंचं बनलेलं आहे. त्यांना मूलद्रव्यं म्हणतात.

"एवढ्याच? माझ्या गाठोड्यात चिंध्या त्याहून जास्त निघतील."

"आणि एवढ्या चिंध्यांत सगळ्या गोधड्या होतात," मॅडम म्हनाल्या.

मग समजावून सांगितलं. मला समजलं तसं सांगते. प्रत्येक मूलद्रव्याच्या पोटात बारीक दाने असतात. पहिल्याच्या पोटात एक, दुसऱ्याच्या दोन, तिसऱ्याच्या तीन. तोच त्याचा नंबर. एक दाना वाढला की वस्तूच दुसरी होते. ह्या नंबरानं ती एकापुढं एक आडवी लावत जायची. पन लावत गेलं की गंमत होते. थोडं पुढं गेलं की आधीच्याच स्वभावाचा कोनीतरी परत भेटतो. मॅडमनी कॅलेंडर उलटं केलं, तारखांची बाजू दाखवली. "तारीख पुढे जाते, वार परत येतो. सगळे गुरुवार एका रांगेत ठेवतो ना? तसं. स्वभाव परत आला की नवी ओळ सुरू करायची, म्हणजे एका स्वभावाचे एकाखाली एक येतात." आडव्या ओळीला आवर्त म्हनायचं, उभ्या रांगेला गण. वैशालीनं गण बरोबर लिहिलं आहे, ते मॅडमचं म्हनून राहू दे.

स्वभाव कशावरून ठरतो, तर बाहेरच्या बाजूला किती हात मोकळे त्यावरून. पहिल्या उभ्या रांगेतल्यांना एक हात जास्तीचा असतो, तो कधी कोनाला देऊ असं होतं. शेवटून दुसऱ्या रांगेतल्यांना एक कमी पडतो, ते बघतच असतात कोनाकडं मिळतो ते. आनि अगदी शेवटची रांग, त्यांचं सगळं पुरं असतं. ते कोनाकडून घेत नाय, कोनाला देत नाय. मी म्हटलं, अशी मानसं आमच्या गावात पन आहेत.

"आजी, मीठ कुठलं ते सांगू?" आर्या म्हनाली. तिनं मॅडमना माझं बोट धरून कागदावर ठेवायला सांगितलं. तिसरी ओळ, पहिलं घर. सोडियम. पान्यात टाकला तर पेटतो. मग त्याच ओळीत पार पलीकडं, शेवटून दुसरं घर. क्लोरीन. विषारी वारा, छातीत गेला तर मानूस जातो. "ह्याच्याकडे एक जास्त, त्याला एक कमी. दोघं एकत्र आले की मीठ."

मी बोट उचललंच नाय. एवढं आयुष्य डोक्यावर वाहिलं, आनि त्यात एक पेटनारा आनि एक गुदमरवनारा होता, हे मला आता कळत होतं. आनि एकमेकांना भेटले म्हनून गुन्यागोविंदानं भातात पडत होते. मला हसूच आवरेना. वैशाली आतून धावत आली, तिला वाटलं ठसका लागला.

कापडं कुठली लावायची ते आर्यानंच ठरवलं, कारन बोटं तिची. धातूंना जीन्सचं कापड. नालासोपाऱ्याला जीन्स शिवतात तिथनं आर्याच्या बाबांनी कातरन आनलं, गोनभर. पहिल्या रांगेतल्या पेटनाऱ्यांना टॉवेलचं कापड. जे धातू नाय त्यांना मऊ जुनी सुती साडी. शेवटच्या रांगेतल्या पुरं असनाऱ्यांना सॅटिन. सॅटिन फिलोमिनानं दिलं. ती पोरींच्या चर्चमधल्या पहिल्या कम्युनियनचे पांढरे फ्रॉक शिवते, त्यातले तुकडे. मी सांगितलं कोनासाठी, तर म्हनाली, "कोनाशी न बोलनाऱ्यांना एवढं चांगलं कापड? घे बाय, घे."

हायड्रोजनवरून अडलं. नंबर पहिला, रांग टॉवेलांची, पन तो धातू नाय, वारा आहे. त्याच्याकडं पन एकच हात म्हनून तिथं बसवला. मग टॉवेलांच्या डोक्यावर एकटा मऊ तुकडा. आर्या म्हनाली, "असू दे, मला लगेच सापडेल."

आनि उजवीकडं एक जिना येतो, धातू संपून मऊ सुरू होतात तिथं. त्या पायऱ्यांवर काही अर्धेमुर्धे बसतात, धड धातू नाय, धड दुसरं नाय. त्यांना कॉर्डरॉय पाहिजे म्हनाली, बोटाखाली रेघा लागतात ते. ते कापड कुठंच मिळेना. आर्याचे बाबा म्हनाले, "माझ्याकडे एक पँट आहे. लग्नातली." दुसऱ्या दिवशी घेऊन आले. तपकिरी, खाली रुंद. मी कात्री लावली तेव्हा तोंड फिरवून उभे होते.

"बाबा, किती फॅशन केली होती तुम्ही," आर्या पँटीवरून हात फिरवत म्हनाली.

"तुझ्या आईनं ह्या पँटीकडं बघून होकार दिला," ते म्हनाले. "माझ्याकडं बघून नाही."

प्रत्येक तुकड्यावर नंबर आनि अक्षरं दोऱ्याच्या गाठींनी. आंधळ्यांची सहा ठिपक्यांची लिपी आर्यानं मला शिकवली. मी गाठी घालायची, ती बोट फिरवून सांगायची, "आजी, ही गाठ हललीय, सहा झाले, चार हवेत." कागदावरची जोडाक्षरं मला अजून नडतात, पन त्या गाठींत मी आता चुकत नाय.

सगळे तुकडे झाले. मॅडम पेपर तपासायला बाहेरगावी गेल्या. मी जोडायला बसले.

आता बघा. मॅडमचं चित्र कसं होतं? वरच्या ओळीत ह्या टोकाला एक घर, त्या टोकाला एक घर, मधे सगळं मोकळं. दुसऱ्या-तिसऱ्या ओळीत पन मधे मोकळं. आनि सगळ्यात खाली, गोधडीच्या बाहेर, दोन लांब पट्ट्या, चौदा-चौदा तुकड्यांच्या, अशाच सुट्या. मला वाटलं, मॅडमना कागदावर जागा पुरली नाय. नाय तर वर एवढं मोठं भोक आनि खाली एवढे तुकडे उरलेले, असं कोन करतं? माझी सासू कानात बोलत होती, भोक ठेवू नको. मी मोजलं. खालच्या पट्ट्या वर बसवल्या तर वरची जागा भरते, फक्त आठ घरं उरतात. त्यात माझ्याकडचं फुलाफुलांचं कापड लावलं. झाली गोधडी चारी बाजूंनी सरळ. एवढी सुरेख बसली की वैशालीनं फोटो काढला. मी मनात म्हटलं, मॅडमना जमलं नाय ते मी जमवलं.

तर त्या दिवशी ओटीवर आम्ही सगळे, आनि आर्या पहिल्यांदा पुरी गोधडी वाचायला बसली. परवावर परीक्षा. तिनं डावीकडून सुरू केलं. मऊ तुकडा, हायड्रोजन, हसली. खाली टॉवेल, टॉवेल, टॉवेल. परत वर आली. दुसऱ्या ओळीत तीन, चार, आनि बोट पुढं गेलं ते थांबलं.

"आजी, चारनंतर पाच हवा. हा तर साठच्या पुढचा कोणीतरी आहे."

"तो खालचा आहे. त्याला वर जागा दिली."

ती उभी खाली गेली, परत वर आली. चेहरा उतरत चालला. "इथे हे सगळे जड जड धातू वर आलेत. उभ्या रांगेत एका स्वभावाचे हवेत ना. मी वरून खाली गेले की मला खालच्याचा स्वभाव कळायला हवा. आता वरचा परका आहे, खालचा परका आहे. मी हरवले आजी."

फिलोमिना म्हनाली, "अगो द्वारका, काय केलंस?"

"भोक भरलं," मी म्हटलं. "गोधडीला भोक चालत नाय."

"आजी, ते भोक नाही," आर्या म्हनाली. "ती जागा मोकळीच हवी. पहिल्या ओळीत दोघंच मावतात. पण दुसरा, हेलियम, त्याचं पुरं भरलेलं असतं, म्हणून तो सॅटिनवाल्यांच्या डोक्यावर जाऊन बसतो, पार टोकाला. जवळ बसला तर त्याचे लोक सुटतात."

मला अर्धं कळलं, अर्धं नाय. बाबा खांबाला टेकून उभे होते. ते म्हनाले, "मावशी, महिना बुधवारी सुरू झाला तर कॅलेंडरात आधीची घरं मोकळी असतात. तिथं आपण पंचवीस-सव्वीस तारीख नेऊन बसवतो का? बसवली तर सगळे वार बिघडतील."

तेव्हा लख्ख कळलं. मी तारखा उचलून वारांच्या डोक्यावर ठेवल्या होत्या. आनि वर फुलं लावली होती.

मी कात्री घेतली. "उसवायला बसा," म्हटलं. "सगळे."

असं उसवनं मी आयुष्यात केलं नाय. ओटीवर गोल करून बसलो. फिलोमिना ब्लेडनं टाके कापायची, वैशाली दोरे ओढायची, आर्या बोटांनी चाचपून सांगायची, "हा खालचा, हा खालचा, हा राहू दे." बाबांनी एक सॅटिनचा तुकडा जोरात ओढून फाडला, तर फिलोमिना ओरडली, "ओ रिक्षावाले, ब्रेक लावा!" मग त्यांना सुया ओवायच्या कामावर बसवलं. सुकेळ्या खाऊन बोटं चिकट व्हायची, आनि दर थोड्या वेळानं वैशाली सगळ्यांना हात धुवायला उठवायची, लहान पोरांसारखं.

संध्याकाळी मॅडमचा फोन आला. वैशालीनं फोटो आधीच पाठवला होता. मॅडम मोठ्यानं हसत होत्या. म्हनाल्या, "आजी, एवढं नीटनेटकं चुकलेलं मी पाहिलं नाही."

"त्या दोन पट्ट्यांचं सांगा," मी म्हटलं. "त्या खाली का?"

त्या पट्ट्या खरं तर सहाव्या आनि सातव्या ओळीच्या आतल्या आहेत. तिथं बसवल्या तर ओळ बत्तीस घरांची होते, तक्ता भिंतीत मावत नाय. म्हनून काढून खाली ठेवतात. मी म्हटलं, म्हनजे निऱ्या. नऊवारी अंगाला जास्तीची होते म्हनून निऱ्या घालून खोचतो, लुगडं काय तुटत नाय. मॅडम म्हनाल्या, अगदी तसंच.

मग मी माझं एक जोडलं. जिथनं पट्टी काढली तिथं, टॉवेलांपासून तिसऱ्या घराला, प्रत्येक पट्टीला एक जाड नाडी शिवली आनि ती खाली पट्टीपर्यंत नेली. बोटाला वाट पाहिजे ना. आर्यानं नाडीवरून बोट खाली नेलं, पट्टीवर पोचली, परत वर आली, परत खाली गेली. पोर झोपाळ्यावर बसल्यासारखी तेच करत राहिली.

दुसऱ्या दिवशी गोधडी पुरी झाली. दोन बाजूंना दोन बुरूज, मधे मोकळं, किल्ल्याच्या पडक्या भिंतीसारखं. माझी सासू असती तर तिनं माझ्या हातातनं सुई काढून घेतली असती. आनि तांदळांची पंचाईत झाली. साध्या गोधडीला चार कोपरे, ह्या बाईला कोपरेच कोपरे. मी म्हटलं, हा हेलियमचा कोपरा वरती आहे, ह्यात टाकते.

"हेलियममध्ये नको आजी," आर्या म्हनाली. "तो कुणाकडून काही घेत नाही."

"मग?"

"हायड्रोजनमध्ये टाका. तो कुणाशीही जमवून घेतो."

हायड्रोजनच्या कोपऱ्यात चिमूटभर तांदूळ टाकले आनि टाका बंद केला.

परीक्षेला आम्ही सगळे गेलो. कॉलेजात मी पहिल्यांदाच. दोन बाकं जोडून गोधडी अंथरली. मोठे सर होते, आनि आनखी दोन. त्यातले जाड चष्म्याचे सर आर्ट्स म्हननारे. आम्हाला दारात उभं केलं. सकाळीच परत आलेल्या मॅडमना पन बाहेर. बाबांनी माझा दंड धरला होता, त्यांना ते कळत पन नव्हतं.

आधी सोपं विचारलं. लोखंड कुठं, तांबं कुठं. तांब्याखाली चांदी, चांदीखाली सोनं, पोरीनं एका दमात बोट खाली नेलं. जिना विचारला, कॉर्डरॉय सापडलं. सत्तावन्ननंतर अठ्ठावन्न कुठं विचारलं, तर बोट नाडीवरून सरसर खाली. मोठे सर वाकून नाडी बघायला लागले, आनि त्यांनी पन बोट फिरवलं.

मग जाड चष्म्याचे सर म्हनाले, "पाठ केलेलं कोणीही सांगेल. मी बोट ठेवतो ते तुझ्या पुस्तकात नाही. ते कसं असेल ते सांग." त्यांनी तिचं बोट धरून एका टॉवेलावर ठेवलं.

आर्यानं गाठी वाचल्या. "सदतीस. रुबिडियम." बाबांची बोटं माझ्या दंडात रुतली. आर्या बोट वर नेत होती, खाली नेत होती.

"सर, टॉवेलांची रांग आहे, म्हणजे धातू, पण मऊ. एक हात जास्तीचा. ह्याच्यावर सोडियम आहे, तो पाण्यात धावतो. त्याच्याखाली पोटॅशियम, तो पडल्या पडल्या पेटतो. खाली जाऊ तसे तापट होत जातात. हा त्याच्याही खाली आहे." तिनं टॉवेलावरचं बोट उचललं. "ह्याला पाण्याजवळ ठेवू नका, सर. हवेत पण नको. आणि क्लोरीन मिळाला तर मिठासारखंच काहीतरी करेल."

सरांनी चष्मा काढला. "हे तुला कोणी सांगितलं?"

"कोणी नाही. तो कुठे बसलाय त्याच्यावरून कळलं."

सर गोधडीच्या कडेला हात ठेवून उभे राहिले, मग डोळे मिटून त्यांनी पन टॉवेलांवरून बोट खाली नेलं. परत डोळे उघडले तेव्हा हसत होते. मोठे सर म्हनाले, "देसाई मॅडम, आत या. हिला सायन्सला घ्या." आनि बाबा, ज्यांनी पँट कापताना तोंड फिरवलं होतं, त्यांनी दारातच टाळ्या वाजवल्या, एकट्यानंच. फिलोमिनानं उरलेल्या सुकेळ्या सगळ्या सरांच्या हातात दिल्या. कॉलेजात खायचं नसतं असं वैशाली कुजबुजली, पन मोठ्या सरांनी तिथंच खाल्ली.

ती गोधडी आता प्रयोगशाळेच्या भिंतीवर आहे. डोळस पोरं पन येता-जाता हात लावतात, टॉवेल काळे झाले म्हनून मॅडम ओरडतात. आर्या बारावीला आहे. तिच्या हाताला आता कसले कसले वास येतात, आनि प्रत्येकाचं आतलं ती मला सांगते, मी हो हो करते. उरलेल्या फुलाफुलांच्या आठ तुकड्यांची मी तिला पिशवी शिवून दिली. वाईट एवढंच वाटतं, की हे मला मिठागरावर असताना कोनी सांगितलं असतं, तर टोपली तेवढीच जड लागली असती, पन वाहताना करमनूक झाली असती.

आता आनखी काही ठिकानची डोळ्यांनी न दिसनारी पोरं अशीच गोधडी मागतात. मॅडम निरोप आनतात. जीन्सचं कातरन मिळतं, टॉवेल मिळतात, सॅटिनला फिलोमिना आहे. अडतं ते त्या जिन्यावरच्या अर्ध्यामुर्ध्यांवर. आर्याच्या बाबांची पँट संपली. तर हे वाचनाऱ्या सगळ्यांना माझं एकच सांगनं आहे. तुमच्या कपाटात कॉर्डरॉयची जुनी पँट पडली असेल, लग्नातली असो नाय तर कसलीही, ती फेकू नका. धुऊन, खळ न घालता, आमच्या मंडळाच्या पोरांकडं आनून द्या.